सिएटलची कॅमेलिया आणि बी-विंगची मागची बाजू

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या जानेवारी २०२५ च्या सभेत दिलेलं व्याख्यान. स्मरणिकेच्या संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना जे राहून गेलं, ते दोन-तीन ठिकाणी घातलं आहे.)



बँकेत ३६ वर्षं काढली. त्या काळात भाषणं पुष्कळ केली, पण ती ठेवी गोळा करण्यासाठी, नाहीतर थकबाकीदारांना समजावण्यासाठी. फुलांवर बोलण्याची ही पहिलीच वेळ. मी बागकामातला तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या बी.कॉम.ला वनस्पतिशास्त्र नव्हतं. घरी झाडांचं खातं सौ.कडे आहे, मी फक्त सांगितल्यावर पाणी घालणारा. ती इथे दुसऱ्या रांगेत बसलेली आहे, त्यामुळे मला फार थापाही मारता येणार नाहीत.

हा विषय निघाला कसा, ते सांगतो. गेल्या महिन्यात कमिटीच्या मीटिंगमध्ये बी-विंगच्या मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. इमारत आणि कंपाउंड वॉल यांच्यामधली नऊ फुटांची ती जागा तुम्हा सर्वांना माहीत आहे. तिथे ऊन येत नाही, शेवाळ धरतं, म्हणून पेव्हर ब्लॉक टाकून दुचाकींचं पार्किंग करावं, अशी सूचना होती. कोणीतरी म्हणालं, "सावलीत तिथे उगवणार काय?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "सावलीत, ऐन हिवाळ्यात फुलणारं झाड मी स्वतः लावलेलं आहे." सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "मग काका, त्यावरच बोला की." तर आज त्या झाडावर बोलतो.

ते झाड इथलं नाही. ते आहे अमेरिकेत, सिएटलला.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं मुलीकडे गेलो. तिचं दुसरं बाळंतपण होतं. सिएटल म्हणजे अमेरिकेच्या नकाशावर अगदी वर, डावीकडच्या कोपऱ्यात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, सिएटलचा साडेसत्तेचाळीस. शाळेत भूगोलात असले आकडे पाठ केले होते, त्यांचा अर्थ वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळला. डिसेंबरात तिथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी, हो, दुपारीच म्हणायला हवं, चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो. मधल्या वेळातही तो ढगांच्या मागेच असतो. पाऊस वर्षाला ३७-३८ इंच, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा काही अफाट नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत रोज थोडा थोडा, पिठासारखा भुरभुरत राहतो.

नात झाली, बारसं झालं, दिवाळी झाली. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं सौ.ने यथासांग केलं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग मुलगी सावरली, काम कमी झालं, आणि सौ. गप्प झाली. आधी आरती मोठ्याने म्हणायची, ती पुटपुटायला लागली. नेलेली चार पुस्तकं बॅगेतच राहिली. दुपारी स्वयंपाकघरातल्या सिंकसमोर उभी राहून खिडकीबाहेर बघत बसायची. ती खिडकी उत्तरेची. बाहेर दहा-बारा फुटांचा पट्टा, पलीकडे शेजाऱ्यांचं लाकडी कुंपण, ओली काळी माती आणि कचऱ्याचे तीन मोठे डबे. एक कचऱ्याचा, एक पुनर्वापराचा, एक खताचा. दिवसभर समोर ते तीन डबे.

एकदा ती मला म्हणाली, "मला हल्ली काही दिसतच नाही." मी म्हटलं, नंबर वाढला असेल. इन्शुरन्समध्ये डोळ्यांची तपासणी बसते का, याची मी दोन दिवस चौकशी केली! शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, आईचे डोळे चांगले आहेत." एवढंच म्हणाली. ३८ वर्षांचा संसार झालेल्या माणसाला लेकीने हे सांगावं लागलं, याची मला आजही लाज वाटते. तिच्या दवाखान्यात तिला सांगितलं होतं की या अंधाऱ्या महिन्यांत तिथल्या पुष्कळ लोकांचं मन असं खाली बसतं. उपाय काय, तर जेवढा उजेड असेल तेवढ्यात घराबाहेर पडायचं.

म्हणून एका शनिवारी सगळे वॉशिंग्टन पार्क आर्बोरेटममध्ये गेलो. तिथे विट विंटर गार्डन नावाचा खास हिवाळी भाग आहे. थंडीत ज्यांचं फूल, साल किंवा वास अनुभवायला मिळतो, अशीच झाडं तिथे एकत्र लावलेली आहेत. मी छत्री धरून, बूट भिजल्याची चिंता करत चाललो होतो. सौ. एका झुडपापाशी थांबली. गर्द हिरवी, चकचकीत पानं, आणि त्यांत लाल-गुलाबी फुलं. खाली पाकळ्यांचा सडा. अगदी प्राजक्ताखाली पडतो तसा, फक्त रंग वेगळा. तिने वाकून एक पाकळी उचलली, वास घेतला. तेवढ्यात अंगठ्याएवढा एक पक्षी आला आणि हवेत एका जागी स्थिर राहून फुलात चोच घालायला लागला. आपला शिंजीर असतो ना, त्याच्याहूनही लहान. नंतर कळलं, तो ॲनाज हमिंगबर्ड. इतर हमिंगबर्ड हिवाळ्यात दक्षिणेला निघून जातात, हा पठ्ठ्या तिथेच राहतो. वजन चारेक ग्रॅम. रात्री शरीराचा कारभार जवळजवळ बंद ठेवून थंडी काढतो आणि सकाळी उठून अशी फुलं शोधत फिरतो.

परतताना गाडीत सौ. आपणहून बोलली. म्हणाली, "ते डबे तिथून हलवा."

ते झाड म्हणजे कॅमेलिया. थोडी माहिती सांगतो, मग पुढे जाऊ. तुम्ही सगळे रोज सकाळी कॅमेलिया पीत असता. चहाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस, आणि ही शोभेची झाडं म्हणजे चहाची सख्खी चुलत भावंडं. चहाच्या झुडपालाही पांढरी फुलं येतात, पण मळ्यात छाटून छाटून त्याला फुलू कोण देतो! मूळ घर चीन, जपान आणि आसपासचा पूर्व आशिया. नाव मात्र पडलं जॉर्ज जोसेफ कामेल या जेझुइट धर्मोपदेशकावरून. हा मूळचा ब्रनो शहराचा, आणि मनिलामध्ये औषधशाळा चालवून तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करणारा. तो १७०६ मध्ये वारला आणि पुढे लिनियसने त्याचं नाव या झाडाला दिलं.

बागेत लावतात त्यांत दोन जाती मुख्य. एक जपोनिका. तिचं फूल मोठं, बहर बहुतेक हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात, आणि फूल गळतं ते अख्खं, देठापासून. म्हणून जपानात आजाऱ्याच्या भेटीला हे फूल नेत नाहीत म्हणे. दुसरी सासान्क्वा. हिची पानं लहान, फूल साधं, मंद वासाचं, आणि बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. हिच्या पाकळ्या एक-एक करून झडतात. आम्ही आणली ती सासान्क्वा.

रोपवाटिकेत गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "जागेवर सावली कसली आहे?" मी म्हटलं, "सावली म्हणजे सावली." त्या हसल्या. म्हणाल्या, घराची सावली, भिंतीची सावली, पानगळीच्या झाडाची सावली आणि सूचिपर्णी झाडाची सावली या चार वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यावर आभाळ मोकळं असेल आणि फक्त ऊन अडलेलं असेल, तर ती उजेडाची सावली. ती कॅमेलियाला मानवते. उलट सीडरसारख्या बारमाही झाडाखाली उजेडही नसतो आणि पाणीही नसतं, कारण त्याची मुळं सगळं पिऊन टाकतात. तिथे कॅमेलिया जगेल, पण फुलणार नाही. आणि पूर्वेचं कोवळं ऊनही थंडीत घातक. रात्री गोठलेल्या कळीवर सकाळी थेट ऊन पडलं की ती भाजल्यासारखी तपकिरी होते. हळूहळू वितळली तर वाचते.

हे ऐकून माझ्यातला ऑफिसर जागा झाला. घरी येऊन मी एक वही केली. पट्ट्यावर तीन जागा ठरवल्या आणि दर तासाला कुठे किती उजेड, याच्या नोंदी सुरू केल्या. आठवडाभराच्या नोंदींचा निष्कर्ष: तिन्ही जागी थेट ऊन शून्य. जावई म्हणाले, "बाबा, हे मी न मोजताही सांगितलं असतं." पण खरी गंमत पुढे आहे. मी मार्चमध्ये परतलो तरी मुलीने ती वही चालू ठेवली. जूनमध्ये तिने लिहिलं: सकाळी सहा ते नऊ ऊन, संध्याकाळी सहा ते साडेआठ ऊन. त्याच उत्तरेच्या पट्ट्यावर! कारण जूनमध्ये तिथे सूर्य ईशान्येला उगवतो आणि रात्री नऊनंतर वायव्येला मावळतो. घराच्या उत्तर बाजूला तो दोन्ही वेळा डोकावून जातो. आणि कॅमेलियाच्या कळ्या धरतात त्या याच दिवसांत, जून ते ऑगस्ट. डिसेंबरात आपण बघतो ते फूल जूनच्या उन्हावर तयार झालेलं असतं. डिसेंबरात जागा बघून "इथे ऊनच नाही" असं म्हणणारा माणूस अर्धाच हिशेब बघत असतो. मी तेच केलं होतं.

आता माझ्या चुका. त्या सांगितल्याशिवाय सौ. मला घरी जेवायला वाढणार नाही.

तीन रोपं आणली. एक युलटाइड, म्हणजे नाताळचे दिवस. लालभडक एकेरी फूल, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. दुसरं सेत्सुगेक्का, पांढरंशुभ्र. या जपानी नावाचा अर्थ बर्फ, चंद्र, फूल. तिसरं शिशिगाशिरा, म्हणजे सिंहाचं डोकं, गुलाबी आणि बुटकं. डॉलर तेव्हा ५४-५५ रुपये होता आणि मी मनातल्या मनात गुणाकार करत होतो, हे कबूल करतो. किंमत बघून मी ठरवलं की लावायचं काम मीच करणार, नीट करणार.

नीट म्हणजे काय, तर आपल्याकडे आंब्याच्या कलमाला घेतात तसा खोल खड्डा. युलटाइडच्या खड्ड्यात एक मोठा दगड लागला, त्यामुळे तो उथळ राहिला. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. सेत्सुगेक्काचा मात्र मनासारखा झाला. रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला माळी लोक हुंडी म्हणतात. माझा सगळा जन्म वेगळ्या हुंड्या वटवण्यात गेला, ही कधी पाहिली नव्हती. ती हुंडी मी जमिनीखाली चांगली सात-आठ इंच गाडली, वरून माती दाबली, बुंध्याशी झाडाच्या सालीचे तुकडे रचले आणि समाधानाने हात धुतले. शिशिगाशिरा गेलं कुंपणाच्या टोकाला, शेजाऱ्यांच्या सीडरखाली. बाईंनी नको म्हणून सांगितलेल्या जागीच. कारण तीन झाडं सारख्या अंतरावर यावीत, असा माझा हट्ट.

डबे गॅरेजच्या बाजूला गेले. युलटाइड कळ्यांनी भरलेलंच आणलं होतं, ते डिसेंबरभर फुललं. सौ. सकाळी कोट-टोपी घालून बाहेर जायची, फुलं मोजायची आणि पडलेल्या पाकळ्या वाटीत गोळा करून आणायची. मुलीच्या देव्हाऱ्यात तोवर कापडी फुलं होती. सौ.ने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, पण तिला ते किती टोचत होतं, ते त्या वाटीवरून कळलं. आरती पुन्हा मोठ्याने सुरू झाली. एका झाडाने माणूस बरा होतो, असं काही मी म्हणणार नाही. रोज अर्धा तास उजेडात जाणं, मुलीचं लक्ष, जानेवारीत लांबायला लागलेला दिवस, हे सगळं त्यात होतं. पण बाहेर जायला काहीतरी कारण लागतं, आणि नुसतं "फिरायला जा" म्हटल्याने ती गेली नव्हती.

आम्ही परत आल्यावर उन्हाळ्यात मुलीचा मला ऑफिसातून फोन आला. मधल्या झाडाची पानं पिवळी पडून गळताहेत. आईला सांगू नका. मी सांगितलं नाही. दोन महिने आम्ही बाप-लेक व्हिडिओ कॉलवर फोन अशा बेताने धरायला लावत होतो की मधली जागा दिसू नये. एका रविवारी सौ. म्हणाली, "लपवालपवी पुरे. मेलं ना ते?" तिला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं.

२०१४ च्या जूनमध्ये गेलो तेव्हा ते मेलेलं झाड मी स्वतः उकरलं. मातीखाली गेलेल्या बुंध्याची साल सडून हाताला येत होती. कॅमेलियाची मुळं उथळ असतात, वरच्या थरातच पसरतात आणि त्यांना हवा लागते. म्हणून हुंडीचा वरचा भाग जमिनीच्या दोन बोटं वरच ठेवायचा. पाणी मुरल्यावर माती बसते आणि झाड आणखी खाली जातं, त्याचीही सोय त्यात होते. आच्छादन घालायचं, पण बुंध्यापासून वीतभर दूर. रोपवाटिकेच्या त्या बाईंनी हे छापील कागदावर दिलं होतं. कागद मी फाइल केला होता, वाचला नव्हता. बँकेत कर्जाच्या कागदांवर सही करणाऱ्यांना मी आयुष्यभर "वाचून सही करा" म्हणून बजावत आलो.

नवीन सेत्सुगेक्का आणलं आणि या वेळी उंच लावलं. आणि त्या मुक्कामात आणखी एक गोष्ट कळली. सिएटल म्हणजे सदा पाऊस, असं आपण समजतो, पण जुलै-ऑगस्ट तिथे जवळजवळ कोरडे जातात. नेमक्या कळी धरण्याच्या काळात पाणी नाही! पहिली दोन-तीन वर्षं त्या दिवसांत आठवड्यातून एकदा झाडाला सावकाश, मुळापर्यंत मुरेल असं पाणी द्यावं लागतं. रोज शिंपडण्याचा उपयोग नाही. पाणी चुकलं की कळ्या धरत नाहीत किंवा धरलेल्या गळतात. मग डिसेंबरात कितीही खत घातलं तरी व्यर्थ.

छाटणीचंही तेच. जावईबापूंनी एका सप्टेंबरात उत्साहाने कुंपण कापायची कात्री घेऊन युलटाइड अगदी गोल, लाडूसारखं करून टाकलं. त्या वर्षी फुलं आली तेरा. कळ्या फांदीच्या टोकांना असतात, त्या सगळ्या कात्रीबरोबर गेल्या. छाटायचं तर बहर संपल्यासंपल्या, नवी फूट येण्याआधी. सौ.ने ते व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाली, "छान आकार दिलात हो." जावई माणूस, काय बोलणार. मी कापलं असतं, तर आज हे भाषण देत नसतो.

सीडरखालचं शिशिगाशिरा चार वर्षं नुसती पानं घेऊन उभं होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत आम्ही ते हलवलं. मुळं उथळ असल्याचा इथे फायदा झाला. भोवती रुंद चर मारून हुंडी अख्खी सुटली, आणि मुलगा नसलेल्या घरात जावई, नातू आणि मी अशा तिघांनी ती ताडपत्रीवरून ओढत नेली. पुढचा हिवाळा ते रुसून बसलं. त्याच्या पुढच्या वर्षी फुललं.

२०१९ चा हिवाळा आमचा तिथला शेवटचा. तिन्ही झाडं खिडकीच्या वर गेली होती, म्हणजे शिशिगाशिरा सोडून. एकदा पारा शून्याखाली गेला आणि उमललेली सगळी फुलं एका रात्रीत चहात बुडवलेल्या कागदासारखी झाली. सौ. हळहळली. पण मिटलेल्या कळ्या तग धरून होत्या. दहा-बारा दिवसांनी पुन्हा लाल ठिपके दिसायला लागले, आणि तो चार ग्रॅमचा पाहुणाही आला. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही परतलो. मग करोना, मग माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं. पुन्हा जाणं झालं नाही.

२०२२ मध्ये मुलीने ते घर विकलं. नोकरी बदलली, शाळा बदलल्या, रीतसर कारणं होती. मुलीने फोनवर सगळं सांगितलं, आकडे सांगितले, मी व्याजदर विचारला. सौ.ने एकच विचारलं, "झाडांचं काय?" दहा वर्षांची झाडं, विक्रीच्या करारात घराबरोबर गेलेली. पण ताबा द्यायला अवकाश होता आणि ऑगस्ट महिना होता. सौ.ने इथे, आपल्या या पुण्यातल्या घरात रात्री साडेनऊला बसून, व्हिडिओवरून लेकीकडून छाटकलमं करून घेतली. कोवळी हिरवी फांदी नको, जून लाकूड नको, नुकती तपकिरी व्हायला लागलेली घे. चार इंच काप. वरची दोन पानं ठेव, खालची काढ. ओलसर मिश्रणात खोच, वर प्लॅस्टिकची पिशवी, जागा सावलीची. अकरा काड्या लावल्या, सहा जगल्या. नव्या घराला पश्चिमेचं कडक ऊन आहे, पण उत्तरेला एक ओटा आहे. त्यावर त्या कुंड्यांत आहेत. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकीवर पहिलं फूल आलं. लाल, एकेरी. फोटो सौ.च्या फोनवर आहे, चहाच्या वेळी मागा.

जुन्या घरातली झाडं नव्या मालकांनी ठेवली की काढली, ते मुलीने अजून जाऊन पाहिलेलं नाही. सौ.ही विचारत नाही.

आता तुम्ही विचाराल, पुण्यात का नाही लावत? लावलं होतं. २०१७ ला परतताना सौ.च्या मनात एक फांदी साडीच्या घडीत घालून आणायची होती. मी आणू दिली नाही. परदेशातून रोप आणायचं तर परवाना लागतो, रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि ते नियम विनाकारण केलेले नाहीत. चार दिवस अबोला झाला. मग कालिंपोंगकडच्या एका रोपवाटिकेतून कुरियरने रोप मागवलं. तिकडे पहाडात कॅमेलिया उत्तम होते. रोप आलंही छान. आमच्या बाल्कनीत ते चौदा महिने जगलं. या झाडाला आम्ल माती लागते. आपली काळी माती चुन्याची, आणि आपलं बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्याची जडता तुम्ही गीझरच्या कॉइलवर पाहताच. कोकोपीट घातलं, पावसाचं पाणी साठवून दिलं. तरी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाही. कळ्या धरल्या होत्या. फेब्रुवारीच्या उकाड्यात त्या न उमलताच तपकिरी होऊन पडल्या, आणि पुढचा एप्रिल झाडाने पाहिला नाही. तेव्हा कृपा करून कोणी हौसेने मागवू नका. पैसे जातात आणि जीवही जातो.

पण बी-विंगच्या मागे काय, हा प्रश्न राहतोच. त्या जागेची वही मी गेली दोन वर्षं ठेवतो आहे. गुडघ्यांच्या व्यायामाला तिथेच चकरा मारायचो, म्हणून जमलं. ती बाजू उत्तरेची आहे. कमिटीने पाहणी केली डिसेंबरात, तेव्हा ऊन शून्य, बरोबर आहे. पण पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस पेपरात वाचता ना, त्यानंतरचे हे दिवस. माझ्या वहीप्रमाणे त्या पट्ट्यावर मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या आसपास चक्क कडक ऊन असतं, आणि एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. वर आभाळ मोकळं. म्हणजे रोपवाटिकेच्या बाईंच्या भाषेत उजेडाची सावली.

अशा जागी आपली कोरांटी येते. जांभळी, पांढरी, पिवळी. नोव्हेंबर ते जानेवारी फुलते आणि काही मागत नाही. अबोली येते. पाइपच्या बाजूला ओल कायम असते, तिथे सोनटक्का होईल. भिंतीवर पानवेल चढेल. सौ.ने जांभळ्या कोरांटीची तीन रोपं रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावून गेल्या पावसाळ्यात तिथे नेऊन ठेवली आहेत. कमिटीची परवानगी घेतलेली नाही, हे मी जाहीरपणे मान्य करतो. बी-विंगच्या तळमजल्यावरच्या वहिनी इथे आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या त्याच बाजूला आहेत. डिसेंबरात काय दिसत होतं, ते त्या सांगतील. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांचं ऐका.

पार्किंगची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. ए-विंगच्या गेटजवळ सात दुचाकींची सोय होते, असा एक नकाशा काढला आहे. तो आणि वही दोन्ही मी सेक्रेटरीसाहेबांकडे देतो. वहीत शेवटच्या पानावर रोपांच्या खर्चाचा अंदाज आहे. खड्डे मात्र कोणीही खणा, मी खणणार नाही.

चहा आलेला दिसतो. तीही कॅमेलियाच.